वहिनी फक्त चाखते

आमच्या बस डेपोच्या कँटीनमध्ये वहिनीच्या जिभेवरून गेल्याशिवाय एकही पातेलं खिडकीवर जात नाही. डाळ असो, रस्सा असो, नुसता भात असो, ती चमचाभर घेणार, डोळे बारीक करणार, छताकडे बघणार आणि मग म्हणणार, "जाऊ द्या." हे दोन शब्द ऐकल्याशिवाय पातेलं उचलायची कोणाची टाप नाही. माझी तर नाहीच. मी तिची नणंद. तिच्या हातात पळी, माझ्या हातात सुरी, अशी आमची वाटणी पहिल्या दिवसापासून ठरलेली आहे. ती कोणी ठरवली हे विचारू नका, कारण मला तरी कोणी विचारलं नव्हतं.

माझा मोठा भाऊ, म्हणजे दादा, याच डेपोत बस चालवतो. आम्ही तिघं डेपोच्या मागच्या चाळवजा क्वार्टरमध्ये दोन खोल्यांत राहतो. माझं लग्न दोनदा ठरता ठरता मोडलं आणि दोन्ही वेळा घरात सगळ्यात जास्त आनंद मलाच झाला. वहिनी मला 'वन्सं' म्हणते, 'अहो-जाहो' करते, आणि त्याच आदराने दिवसभर राबवून घेते. "वन्सं, कांदा जरा बारीक चिराल का?" यातला 'का' केवळ शोभेचा आहे.

तर ही वहिनी एका सकाळी कँटीनच्या पायऱ्या चढता चढता मध्येच बसली. वहिनी बसली म्हणजे काहीतरी भयंकर झालं, हे आख्ख्या डेपोला कळलं, कारण तिला बसलेलं कोणी पाहिलंच नव्हतं. दोन दिवस तिचा डावा पाय सुजला होता आणि ती चपलेला दोष देत होती. आता तिला श्वास पुरेना. दादाने काही विचार केला नाही. समोर त्याची बस उभी होती, तिच्यात वहिनीला बसवलं, वर 'सेवेत नाही' ही पाटी लावली आणि बस थेट हॉस्पिटलच्या दारात नेली. पुढे आठवडाभर डेपोचे साहेब त्याच्यावर ओरडत होते आणि रोज संध्याकाळी वहिनीची चौकशीही करत होते.

पायातल्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती आणि तिचा एक तुकडा फुप्फुसापर्यंत गेला होता.  ते ऐकून दादा भिंतीला टेकून उभा राहिला. पण गाठ वेळेत सापडली होती. पोटात इंजेक्शनं सुरू झाली, आणि चौथ्या दिवशी वहिनी हॉस्पिटलच्या डाळीला नावं ठेवू लागली तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला.

घरी सोडायच्या आधी डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या. चष्मा, केसांत खोचलेलं पेन, आणि घाई असूनही घाई न दाखवणारा आवाज.

"वहिनी," त्या म्हणाल्या. मी तशी हाक मारायचे म्हणून आता सगळा वॉर्डच तिला वहिनी म्हणत होता. "रक्त पातळ ठेवायची गोळी निदान सहा महिने तरी घ्यावी लागेल. दोन प्रकार आहेत आणि तुम्हाला दोन्ही चालतील. म्हणून निवड तुमची. एक आहे जुनी गोळी. तिचं प्रमाण प्रत्येकाला वेगळं लागतं. म्हणून रक्त तपासून एक आकडा बघायचा, तो दोन ते तीनच्या मध्ये हवा. खाली गेला तर पुन्हा गाठ व्हायची भीती, फार वर गेला तर रक्त वाहायची भीती. सुरुवातीला दर आठवड्याला यावं लागेल. आणि पालेभाजीने तिचा जोर कमी होतो. पालेभाजी खायची नाही असं नाही, पण रोज साधारण सारखीच खायची. आज ताटभर आणि उद्या काहीच नाही, असं चालत नाही."

"आणि दुसरी?" दादाने विचारलं.

"ती नवी. ठरलेली गोळी, सकाळ-संध्याकाळ. आकडा बघायला नको, खाण्याचं बंधन नाही. फक्त एकही वेळ चुकवायची नाही, कारण तिचा असर लवकर ओसरतो. आणि दोन्हीत रक्त लवकर थांबत नाही, तेव्हा सुरी, जखम, पडणं-धडपडणं जपायचं."

"नवी," दादा म्हणाला. "विषय संपला."

वहिनीचा विषय कधी दादाने संपवल्याचं मला आठवत नाही. ती डॉक्टरीणबाईंकडे वळली. "नवी गोळी मला लागू पडतेय का नाही, हे कळणार कसं?"

"हजारो माणसांवर बघून तिचा डोस ठरवलाय."

"ते त्यांच्या रक्तात बघितलं. माझ्या रक्तात कोण बघणार?"

"त्याची गरजच पडत नाही, असं त्यातून दिसलंय."

वहिनीने मान हलवली. मला तिचा विचार तेव्हाच कळला. न चाखता खिडकीवर गेलेलं पातेलं, तशी तिला ती गोळी वाटली. दुसऱ्या कोणाच्या पातेल्यात मीठ बरोबर पडलं म्हणून आपल्यातही पडलं असेल, यावर तिने आयुष्यात विश्वास ठेवला नव्हता. "जुनीच द्या," ती म्हणाली. "जिचा आकडा दिसतो ती."

डॉक्टरीणबाईंनी दोन-तीन गोष्टी पुन्हा समजावल्या, मग हसून जुनी लिहून दिली. दादा घरी येईपर्यंत पुटपुटत होता.  खरं सांगायचं तर मला वहिनीचंच पटलं होतं.

घरी असताना आकडा शहाण्या मुलासारखा दोन आणि तीनच्या मध्ये बसला. वहिनीने पालेभाजी पूर्ण बंद केली होती. "रोज सारखी खायची ना? मग रोज अजिबात नाही, हेही सारखंच," असा तिचा हिशेब. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हेही चालेल, पण मग ते पाळा." वहिनी पाळण्यात पक्की. गोळीची वेळ झाली की भिंतीवरचं घड्याळ तिच्याकडे बघून स्वतःची वेळ लावत असावं.

मग ती कामावर परत आली आणि आकड्याच्या अंगात आलं. पहिल्याच तपासणीत तो दीडच्या खाली. डॉक्टरीणबाईंनी गोळी वाढवली. नंतर भाजीवाल्याचा टेम्पो बिघडला आणि पंधरवडाभर आमच्याकडे नुसते बटाटे, भोपळे आणि कडधान्यं आली. त्या पंधरवड्यात आकडा पाचाला टेकला. दात घासताना वहिनीच्या हिरड्यांतून रक्त आलं आणि दंडावर जांभळा डाग उमटला. गोळी कमी केली. टेम्पो दुरुस्त झाला, पालकाची पोती येऊन पडली, आणि आकडा पुन्हा खाली घसरला.

"काय खाल्लं या आठवड्यात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"पाल्याला शिवलेसुद्धा नाही."

"नक्की?"

"वन्संना विचारा," असं म्हणून तिने माझ्याकडे बोट दाखवलं. मी दिवसभर तिच्या शेजारी असते. मी छातीवर हात ठेवून सांगितलं की वहिनीने पालेभाजीचा घास घेतलेला नाही. आम्ही दोघी खरं बोलत होतो, हे लक्षात ठेवा.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. "आकडा असा वरखाली होत राहिला तर तुम्हाला गरम तेल आणि सुऱ्यांच्या जवळ ठेवणं मला बरं वाटत नाही," त्या म्हणाल्या.

दादाने हे वाक्य घट्ट धरून ठेवलं. त्या संध्याकाळी तो साहेबांशी बोलून आला. "पुढच्या तपासणीत आकडा जागेवर नसेल, तर तू कुपनांच्या खिडकीत बसायचं. साहेब तयार आहेत. बसून काम, सुरी नाही, तेल नाही."

 कुपनांची खिडकी म्हणजे फाटकाजवळचं, जेवणाची कुपनं विकायचं एक खोकं, तिथे कँटीनचा वाससुद्धा येत नाही. वहिनी रात्री ताट तसंच ठेवून उठली. मी दादावर खूप चिडले. पण भांडी घासताना तो नळ सोडून नुसता उभा होता, आणि तो किती घाबरलाय ते मला दिसलं, म्हणून मी चिडणं अर्धवटच सोडलं.

पुढच्या आठवड्यात दादाची सुट्टी होती. बायकोवर नजर ठेवायला तो सकाळीच कँटीनच्या स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसला. दीडशे माणसांची पालेभाजी होती, ती एका पातेल्यात मावत नाही, म्हणून आम्ही एकामागून एक चार पातेली करतो. वहिनीने पहिल्या पातेल्यातून चमचा काढला, फुंकर घातली, तोंडात टाकला.

"हे काय खातेस?" दादा ताडकन उठला.

"खात नाहीये. चाखतेय," वहिनी म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे चाखतेय, अहो. मीठ बघतेय."

दादाने माझ्याकडे बघितलं. मी वहिनीची बाजू घेतली. "दादा, ती चाखतेय. खाणं वेगळं, चाखणं वेगळं." त्याला इतकी साधी गोष्ट कळू नये याचं मला खरंच आश्चर्य वाटलं. आमच्या धंद्यात चाखलेलं कोणी जेवणात धरत नाही. दिवसभर चाखूनही दुपारी आम्ही उपाशीच असतो, असंच आम्ही म्हणतो आणि तसंच मानतो.

दादा भांडला नाही. त्याने फडताळातून एक वाटी आणून वहिनीपुढे ठेवली. "आज प्रत्येक वेळी एक चमचा तोंडात घालायच्या ऐवजी या वाटीत टाकायचा. चव तुझ्या वन्सं बघतील. एवढं माझ्यासाठी कर."

"वाया जाईल," वहिनी म्हणाली.

"मी खाईन."

तिने नाक मुरडलं, पण ऐकलं. पाला बसला की एक चमचा. मीठ घातलं की एक. लसूण पडला की एक. आच कमी केली की एक. मग पळी फिरवून तळातला एक, कारण तळाची चव वेगळी. असं एका पातेल्याला, आणि तशी चार पातेली. दुसरं पातेलं उतरायच्या आधीच वाटी भरली. दादाने दुसरी आणली. तीही भरली. तिसरी आणताना त्याचं तोंड असं झालं होतं की मला हसू आवरेना. आधी मी फुटले, मग वहिनी. ती कट्ट्याला धरून इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मधेच थांबून म्हणाली, "वन्सं, मी रोज एवढं खाते?"

"खात नाहीस," दादा म्हणाला, "चाखतेस." आणि तो तिन्ही वाट्या घेऊन मुकाट्याने खायला बसला.

डॉक्टरीणबाईंना सांगितलं तेव्हा त्या आधी गंभीरपणे ऐकत होत्या. गोष्ट वाट्यांवर आल्यावर त्यांच्या केसांतलं पेन खाली पडलं. हसून झाल्यावर त्यांनी सरळ सांगितलं, की चूक त्यांचीही आहे, स्वयंपाकिणीला 'काय खाता' एवढंच विचारून भागत नाही. मग म्हणाल्या, "आता पुन्हा निवड करा. नवी गोळी घ्या आणि मनसोक्त चाखा. किंवा जुनीच ठेवा, पण मग पालेभाजीची चव दुसऱ्या कोणीतरी बघायची."

मला वाटलं, आता ती नवी घेणार. पण वहिनी अडून बसली. "आकडा दिसल्याशिवाय मला झोप नाही येणार. जुनीच. पालेभाजी वन्सं चाखतील."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मला चिरता येतं, निवडता येतं, सोलता येतं, वहिनीची नक्कल तर इतकी छान येते की ड्रायव्हर लोक चहाबरोबर मागतात. पण चमचा तोंडात घालून दीडशे माणसांचा निकाल द्यायचा, हे काम माझं नाही, असं मी दोन दिवस सगळ्यांना सांगत होते.

तिसऱ्या दिवशी पालक आला. वहिनीने फोडणी केली, पाला घातला आणि पळी पातेल्यात ठेवून दोन पावलं मागे सरकली. हात मागे बांधले, ओठ घट्ट मिटले. मी चमचा घेतला.

"कसं आहे?"

"बरं आहे."

"बरं म्हणजे काय? बरं तर हवापाणीसुद्धा असतं."

मी पुन्हा चमचा घेतला. पालकाचा तुरटपणा जिभेला लागत होता. मीठ होतं. लसूण होता. तरी काहीतरी नव्हतं, आणि ते काय ते मला सांगता येईना. वहिनी माझ्या तोंडाकडे अशी बघत होती की जणू तिथेच कुठेतरी चव दिसेल. इतकी वर्षं मी तिला छताकडे बघताना पाहिलं होतं. मीही वर बघितलं. वर काही नव्हतं, पंखा होता.

"मीठ?" तिने विचारलं.

"मीठ ठीक आहे. लिंबू हवंय."

"पालकात लिंबू? मी कधी घालत नाही."

"माहीत आहे. पण हवंय."

माझ्याच तोंडून हे ऐकून मी दचकले.  वहिनीचा हात चमच्याकडे गेला, अगदी दांड्यापर्यंत गेला, आणि तिने तो मागे घेतला. मग तिने तीन लिंबं कापून माझ्या हातात दिली. मी पिळली, ढवळलं, पुन्हा चाखलं. आता काही कमी नव्हतं. "जाऊ दे," मी म्हणाले, पण आवाज इतका बारीक निघाला की मला ते परत म्हणावं लागलं.

पातेलं खिडकीवर गेलं. वहिनी दाराआड उभी राहून जेवणाऱ्यांकडे बघत राहिली. आमच्याकडे एक कंडक्टर आहे, त्याला सगळे तक्रारमास्तर म्हणतात. चांगल्या जेवणाला त्याने आजवर नावं ठेवली नाहीत असं झालेलं नाही. तो जेवला, बोटं चाटली आणि ताट घेऊन थेट खिडकीशी आला.

"वहिनी, इतके दिवस हे कुठे लपवून ठेवलं होतं?" तो म्हणाला. "अजून वाढा."

मी वहिनीकडे बघायला धजले नाही. ती माझ्यामागून पुढे आली, पळी उचलून त्याचं ताट भरलं आणि म्हणाली, "मी नाही केलं. वन्संनी चाखलंय."

त्या दिवसापासून पालेभाजी माझ्या जिभेवर आली. कधी मला हिरवी मिरची कमी वाटली, कधी दाण्याचा कूट जास्त. वहिनी विचारायची, वाद घालायची, आणि मी सांगेन तेच घालायची. चमच्याला मात्र तिने हात लावला नाही. मला ते काम आवडायला लागलं, इतकं की टेम्पो आला की मी आधी पाल्याची पोती उघडून बघायची.

तपासणीच्या दिवशी आम्ही तिघंही गेलो. दादाने सुट्टी घेतली होती आणि तो वेटिंगच्या बाकावर पाय हलवत बसला होता. आकडा आला. दोन आणि तीनच्या बरोबर मध्ये. डॉक्टरीणबाईंनी कागद आमच्याकडे वळवून दाखवला. दादाने तो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि परत द्यायला विसरला. कुपनांची खिडकी टळली होती. मला त्याला मिठी मारावीशी वाटली आणि मी मारली.

"छान," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता हेच चालू ठेवू."

"नको," वहिनी म्हणाली. "आता नवी द्या."

 दादाच्या हातातला कागद खाली आला. "अगं, आत्ताच तर आकडा बसला."

"म्हणूनच. आता भीतीने मागत नाहीये." ती डॉक्टरीणबाईंकडे वळली. "मला वाटायचं, मी स्वतः बघितलं नाही तर ते बरोबर असेलच कसं. गेले काही आठवडे मी न चाखलेलं अन्न लोकांना वाढतेय. एवढी माणसं जेवली, कोणाचं काही बिघडलं नाही. उलट माझ्यापेक्षा जरा बरंच झालं, हे वन्संसमोर बोलायचं नव्हतं, पण झालं." तिने माझ्याकडे बघितलं नाही. "तुम्ही म्हणाला होतात, पुष्कळ माणसांवर बघून डोस ठरवलाय. तर बघितलं असेल. तुम्ही चाखलंय, मी घेते."

डॉक्टरीणबाईंना शेवटचं वाक्य कळलं की नाही ते मला माहीत नाही. त्यांनी बदल कसा करायचा ते नीट सांगितलं. जुनी गोळी थांबवायची, रक्त तपासत राहायचं, आकडा दोनच्या खाली आला की त्या सांगतील तेव्हाच नवी सुरू करायची, आणि मग एकही वेळ चुकवायची नाही. मूत्रपिंड अधूनमधून तपासू, असंही म्हणाल्या. वहिनी सगळं ऐकून घेत होती आणि दादा तिच्यासाठी पुन्हा पुन्हा तेच विचारत होता.

मी मात्र दाराकडे बघत होते. मला आनंद झाला होता, खोटं नाही बोलत, पण त्या आनंदाच्या आत एक काटा होता. नवी गोळी म्हणजे वहिनीला चाखायची मुभा. म्हणजे मी परत कांद्यावर. बाहेर आल्यावर मी हसत हसत म्हणाले, "चला, सुटले. उद्यापासून तुझा चमचा तुला."

"का?" वहिनी म्हणाली.

"आता तुला चालतं ना."

"चालतं, म्हणून मी तुमच्या पातेल्यात चमचा घालणार का? पालेभाजी तुमची." ती पायऱ्या उतरत होती, दम लागत नव्हता. "आणि ऐका, पालक लिंबाशिवाय पाठवायचा नाही."

नवी गोळी सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांनी पालक होता. मी चाखला, छताकडे बघितलं, पाठवून दिला. खिडकीपुढे ड्रायव्हर-कंडक्टरांची रांग लागली आणि रांगेत, हातात ताट घेऊन, वहिनी उभी होती. एप्रन काढून ठेवला होता. या कँटीनमध्ये तिला रांगेत उभं राहिलेलं कोणीच पाहिलं नव्हतं, तिने स्वतःसुद्धा नाही. पुढच्यांनी तिला वाट दिली, तर ती म्हणाली, "नंबर येऊ दे."

तिचा नंबर आला. मी पालेभाजी वाढली. ती दादासमोरच्या बाकावर जाऊन बसली, नीट मांडी घालून, आणि जेवली. छताकडे नाही बघितलं, डोळे बारीक नाही केले. दादा तिच्याकडे बघत राहिला आणि त्याचं जेवण गार झालं. मी खिडकीतून हे बघत होते आणि माझ्यापुढे रांगेतले लोक ताटं वाजवत होते. आयुष्यात मी इतकी खूश क्वचितच झाले असेन. मग ती उठली, रिकामं ताट घेऊन पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.